आधी पाणी, मग नळी

पोटावर सुटलेल्या चरबीत अणुबॉम्बच्या चाचण्यांची नोंद असते, असं कुणी सांगितलं तर आपण हसून सोडून देऊ. पण ती खरोखरच असते. १९५५ ते १९६३ या काळात महासत्तांनी उघड्या आकाशात जे स्फोट केले, त्यांमुळे उत्तर गोलार्धातल्या हवेतलं कार्बन-१४चं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. हा कार्बन झाडांनी शोषला, अन्नातून माणसांत आला आणि थेट पेशींपर्यंत पोचला. १९६३च्या चाचणीबंदी करारानंतर बहुतेक चाचण्या जमिनीखाली गेल्या आणि हवेतलं प्रमाण दरवर्षी उतरत गेलं. पेशी जन्मते तेव्हा तिचा डीएनए नव्याने घडतो आणि त्या वर्षीचा कार्बन त्यात कायमचा बसतो. म्हणजे डीएनएमधला हा कार्बन मोजला की पेशीचं जन्मसाल कळतं.

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये कर्स्टी स्पाल्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही युक्ती चरबीपेशींवर वापरली. त्यांच्याकडचे काही नमुने लायपोसक्शनमध्ये, म्हणजे नळीने चरबी ओढून काढण्याच्या शस्त्रक्रियेत, निघालेल्या चरबीचे होते. २००८ साली ‘नेचर’मध्ये छापून आलेला निष्कर्ष असा : चरबीपेशींची संख्या लहानपणी आणि पौगंडावस्थेत ठरते, पुढे ती जवळपास तेवढीच राहते. दरवर्षी साधारण १० टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या जन्मतात. वजन भरपूर उतरवलेल्या माणसांतही संख्या घटलेली दिसली नाही. पेशी रोडावतात, पण जागा सोडत नाहीत.

डाएट आणि लायपोसक्शन यांतला फरक इथेच आहे. डाएट-व्यायामाने पेशीतलं तेल जळतं आणि गंमत म्हणजे त्यातलं बहुतेक सगळं नाकातोंडावाटे बाहेर पडतं : १० किलो चरबी जळली, तर सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून जाते, उरलेली पाणी होऊन. लायपोसक्शन मात्र पेशीच उचलून नेतं. कुठल्या जागेवरून किती न्यायच्या, हे सर्जनला ठरवता येतं. डाएटला जागा निवडता येत नाही. दंड बारीक करायचे म्हणून कितीही उपास केले, तरी आधी गाल बसतात.

एवढं आकर्षण असल्यावर बाजार तर भरणारच. व्हेझर, लेझर, पॉवर-असिस्टेड, वॉटर-जेट, रेडिओफ्रिक्वेन्सी... नावं ऐकून माणूस गोंधळतो आणि डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारतो, “कुठलं मशीन चांगलं?” खरं तर या सगळ्या मशीनचं यश एका साध्या, स्वस्त, बिननावाच्या गोष्टीवर उभं आहे. ती गोष्ट म्हणजे मिठाचं पाणी. आणि मशीन कुठलं घ्यायचं, हे ज्याचं त्याचं शरीर ठरवतं.

डाळिंब सोलायचं, पडदे राखायचे

चरबी म्हणजे त्वचेखाली साचलेला एक सलग गोळा, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तिची रचना डाळिंबासारखी आहे. पेशींचे घोस आणि मधूनमधून पातळ, चिवट पडदे. या पडद्यांतून रक्तवाहिन्या, चेतातंतू आणि लसीकावाहिन्या स्नायूंकडून त्वचेकडे जातात. लायपोसक्शनची सगळी कला एवढीच : दाणे काढायचे, पडदे शाबूत ठेवायचे. पडदे फाटले तर रक्तस्राव होतो, त्वचा बधिर होते, फारच वाईट झालं तर वरच्या त्वचेचा रक्तपुरवठाच तुटतो.

शिवाय थर दोन आहेत. वरचा थर दाट, बारीक घोसांचा. खालचा सैल, मोठ्या घोसांचा. पोटावर या दोहोंच्या मध्ये एक पडदा असतो, त्याला स्कार्पाचा पडदा म्हणतात. सर्जन बहुतेक काम खालच्या थरात करतो, कारण तिथे थोडं कमी-जास्त झालं तरी वरून दिसत नाही. वरच्या थरात हात थोडा जरी चुकला तरी कायमचा खळगा पडतो. पोटावर ‘सिक्स पॅक’ कोरून देणारी हाय-डेफिनिशन पद्धत, जी कोलंबियाच्या आल्फ्रेडो होयोस यांनी प्रसिद्ध केली, ती मुद्दाम या वरच्या थरात शिरते. म्हणूनच ती सगळ्यांच्या हातची नाही आणि सगळ्यांच्या पोटाचीही नाही.

काही जागा तर अशा आहेत, की तिथे त्वचा खालच्या आवरणाला घट्ट चिकटलेली असते. नितंबाखालची घडी, कुल्ल्याच्या बाजूचा खोलगट भाग, मांडीच्या बाहेरच्या बाजूचा गुडघ्यालगतचा पट्टा. या ठिकाणी शहाणा सर्जन नळी घालत नाही.

नळीची पन्नास वर्षं

चरबी काढण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न शोकांतिका ठरला. १९२०च्या दशकात फ्रेंच सर्जन शार्ल दुजारिए यांनी एका नर्तिकेच्या पायांवरची चरबी क्युरेटने, म्हणजे गर्भाशय साफ करण्याच्या धारदार हत्याराने, खरवडून काढली. रक्तवाहिनीला इजा झाली, पाय सडला आणि शेवटी कापावा लागला. त्यानंतर कित्येक वर्षं या वाटेला फारसं कुणी गेलं नाही.

१९७०च्या दशकाच्या मध्यावर रोममधल्या आर्पाद आणि जॉर्जो फिशर या पिता-पुत्रांनी पोकळ नळी घेतली आणि तिला शोषणयंत्र जोडलं. मग १९७७मध्ये पॅरिसच्या इव्ह-जेरार इलूझ यांच्याकडे एक तरुणी आली. पाठीवर चरबीची मोठी गाठ होती, पण व्रण नको होता. इलूझ यांनी बारीक छेदातून बोथट टोकाची नळी घातली आणि गाठ ओढून घेतली. बोथट टोक ही त्यांची खरी देणगी. धारदार हत्यार वाटेत येईल ते कापतं. बोथट टोक चरबीचे घोस फोडतं आणि पडदे, रक्तवाहिन्या यांच्या बाजूने सरकून जातं. इलूझ यांनी नळीआधी चरबीत मिठाचं पाणी सोडायलाही सुरुवात केली.

तरीही रक्त फार जायचं. पाणी न घालता, कोरड्या पद्धतीने काढलेल्या उपशात २० ते ४५ टक्के रक्तच असायचं. दोन लिटर काढले तर जवळपास लिटरभर रक्त जाण्याची भीती. रक्ताची बाटली तयार ठेवूनच शस्त्रक्रिया करावी लागे.

दहा लाखांत एक

ही कोंडी फोडली एका त्वचारोगतज्ज्ञाने. कॅलिफोर्नियाच्या जेफ्री क्लाइन यांनी १९८५च्या सुमारास ट्युमेसंट पद्धत विकसित केली आणि १९८७मध्ये ती प्रसिद्ध केली. कृती पाकक्रियेइतकी सोपी : एक लिटर सलाईन, त्यात ५०० ते १००० मिलिग्रॅम लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध, थोडं सोडाबायकार्ब आणि अवघं एक मिलिग्रॅम अ‍ॅड्रिनलिन. म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. एवढ्याशा अ‍ॅड्रिनलिनने त्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि उपशातलं रक्ताचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास येतं.

हे घडताना पाहणं विलक्षण असतं. रुग्णाला उभं करूनच मार्करने पोटावर, कमरेवर वर्तुळं काढलेली असतात, कारण आडवं झाल्यावर चरबी पसरते आणि उंचवटे हरवतात. मग तीन-चार मिलिमीटरच्या छेदातून पाणी सोडलं जातं. काढायच्या चरबीच्या दुप्पट-तिप्पटही पाणी जातं. पोट हळूहळू ताणलं जातं, टणक होतं, त्वचा पांढुरकी आणि हाताला गार लागते. इथे घाई चालत नाही. अ‍ॅड्रिनलिनला काम करायला १५ ते ३० मिनिटं द्यावी लागतात. मग नळी शिरते. सर्जनचा एक हात नळी पुढे-मागे करतो आणि दुसरा हात त्वचेवर सपाट टेकलेला असतो. नळीचं टोक आत कुठे आणि किती खोल आहे, हे तो दुसरा हात सांगतो. पारदर्शक पाइपमधून फिकट पिवळी चरबी वाहू लागते. रंग लालसर व्हायला लागला की त्या जागेचं काम संपलं. बरणीत थोड्याच वेळात चरबी वर तरंगते आणि पाणी तळाशी बसतं.

खरा अचंबा लिग्नोकेनचा. एरवी अ‍ॅड्रिनलिनसोबत त्याची मर्यादा किलोमागे सात मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४२० मिलिग्रॅम. क्लाइन यांनी १९९० साली दाखवून दिलं, की इतकं पातळ करून चरबीत सोडलं तर किलोमागे ३५ मिलिग्रॅम, म्हणजे त्याच माणसाला २१०० मिलिग्रॅम, सुरक्षित राहतं. कारण आकसलेल्या वाहिन्यांतून औषध रक्तात थेंबाथेंबाने उतरतं. रक्तातलं प्रमाण टिपेला पोचतं ते साधारण १०-१४ तासांनी. म्हणजे सकाळी टेबलवर असलेल्या माणसाच्या रक्तात औषध सर्वांत जास्त असतं ते रात्री, तो घरी झोपलेला असताना. रुग्णासोबत त्या रात्री जाणतं माणूस हवं, ते यासाठी.

नावं अनेक, काम एक

आता मशीनकडे येऊ. प्रत्येक मशीन एकाच प्रश्नाचं वेगळं उत्तर देतं : ओल्या झालेल्या चरबीचे दाणे पडद्यांतून सुटे कसे करायचे?

साध्या पद्धतीत हे काम सर्जनचा दंड करतो. पॉवर-असिस्टेडमध्ये नळीच मिनिटाला सुमारे चार हजार वेळा, दोनेक मिलिमीटर पुढे-मागे थरथरते. हात कमी थकतो आणि चिवट जागी काम वेगाने होतं. अल्ट्रासाउंडची सुरुवात इटलीच्या मिकेले झोकी यांनी केली. पहिल्या यंत्रांनी भाजणं आणि त्वचेखाली पाणी साचणं हे त्रास बरेच दिले. व्हेझर ही तिची सुधारलेली पिढी. टायटॅनियमची सळई सेकंदाला ३६,००० वेळा कंप पावते. माणसाच्या कानाला सुमारे २०,००० पर्यंतच ऐकू येतं. या कंपनांनी चरबीचे दाणे सुटे होतात, लवचिक वाहिन्या बऱ्याच अंशी टिकतात, आणि मग नेहमीच्या नळीने ते ओढले जातात.

लेझरला अमेरिकेत २००६मध्ये मान्यता मिळाली. बारीक फायबरमधून १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश चरबी वितळवतो आणि त्वचेला आतून ऊब देऊन आकसायला लावतो. रेडिओफ्रिक्वेन्सीत एक इलेक्ट्रोड त्वचेखाली आणि दुसरा वर असतो, मधल्या भागाला शेक मिळतो. दोन्हींत धोका एकच : उष्णता जरा जास्त झाली तर त्वचा भाजते. वॉटर-जेटमध्ये पाण्याचा पंख्यासारखा फवारा दाणे सैल करतो आणि त्याच वेळी ओढूनही घेतो. लिपीडीमा, म्हणजे पायांवर दुखरी चरबी साचण्याच्या विकारात, ही पद्धत बरीच वापरली जाते, कारण लसीकावाहिन्या जपणं तिथे फार महत्त्वाचं.

यांतलं सरस कोण? संशोधकांनी यासाठी फार सुंदर युक्ती केली : एकाच माणसाच्या एका बाजूला एक पद्धत, दुसऱ्या बाजूला दुसरी. चिलीतल्या आर्तुरो प्रादो यांच्या गटाने २००६मध्ये २५ रुग्णांवर लेझर आणि साधी पद्धत अशी ताडून पाहिली. दिसण्यात ठळक फरक आढळला नाही. २०१२मध्ये अमेरिकेत २० महिलांवर झालेल्या अशाच चाचणीत व्हेझरच्या बाजूला त्वचा अधिक आकसली आणि रक्त काहीसं कमी गेलं. फरक आहेत, पण जाहिरातीतल्या अक्षरांएवढे मोठे नाहीत.

नळीची जाडी मात्र हमखास विचारण्याजोगी. फ्रेंच वैद्य प्वाझ्य यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेल्या नियमानुसार नळीतून वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो. दोन मिलिमीटरऐवजी चार मिलिमीटरची नळी घेतली तर प्रवाह सोळापट. चरबी काही साधा द्रव नाही, तरी रोख तोच. सुरुवातीच्या जाड नळ्या भराभर उपसायच्या आणि मागे खळगे, लाटा सोडायच्या. आज बारीक नळ्यांनी काम सावकाश चालतं आणि पृष्ठभाग सपाट राहतो.

शरीर काय सांगतं?

म्हणून निवड सुरू होते चिमटीपासून. पोटाची चरबी चिमटीत धरून पाहा. भरपूर हातात आली आणि सोडल्यावर त्वचा पटकन जागेवर गेली, तर जवळपास कुठलीही पद्धत चांगलं काम करेल. त्वचा थोडी सैल असेल, तर व्हेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीचा फायदा मिळू शकतो. दोन बाळंतपणांनंतर त्वचा लोंबू लागली असेल आणि पोटाचे स्नायू मधोमध फाकले असतील, तर कुठलंही मशीन उपयोगाचं नाही. तिथे टमी टक, म्हणजे त्वचा कापून पोट घट्ट करण्याची शस्त्रक्रिया, लागते. जास्तीची त्वचा ओढून घेणारी नळी अजून कुणी बनवलेली नाही.

पाठ, कंबर आणि पुरुषांची छाती या चिवट जागा. तिथे पॉवर किंवा अल्ट्रासाउंड कामाला येतं. पण पुरुषाच्या छातीत निप्पलखाली टणक चकती लागत असेल, तर ती ग्रंथी असते. नळीने ती येत नाही, छोट्या छेदातून कापून काढावी लागते. हनुवटीखालची जागा लहान, तिथे बारीक नळी आणि स्थानिक भूल बहुधा पुरते. मांडीची आतली बाजू आणि दंड यांची त्वचा पातळ, तिथे कमी काढणारा सर्जन चांगला. काढलेली चरबी दुसरीकडे भरायची असेल, तर पेशी जिवंत हव्यात, म्हणून लेझर टाळलेलं बरं. या पेशी टाकाऊ नाहीतच. २००१मध्ये पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी लायपोसक्शनच्या उपशातून अशा मूळ पेशी वेगळ्या केल्या, ज्यांपासून हाड, कूर्चा आणि स्नायूंच्या पेशी घडवता येतात.

नळी जिथे पोचत नाही

आता सर्वांत महत्त्वाची मर्यादा. काही पोटं मोठी असतात, पण चिमटीत काहीच येत नाही. तिथली चरबी स्नायूंच्या आड, आतड्यांभोवती असते. लायपोसक्शन तिथे जातच नाही आणि जायलाही नको. मधुमेह आणि हृदयविकाराशी या आतल्या चरबीचं नातं अधिक घट्ट आहे.

२००४मध्ये सॅम्युएल क्लाइन यांनी (जेफ्री वेगळे, हे वेगळे) १५ स्थूल महिलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लायपोसक्शनने प्रत्येकीची सरासरी १० किलोच्या आसपास चरबी काढली होती. दहा-बारा आठवड्यांनी तपासलं तर इन्सुलिनचा परिणाम, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सगळं होतं तिथेच होतं. एवढीच चरबी आहार-व्यायामाने गेली असती तर हे आकडे सुधारले असते.

आपल्यासाठी हे जास्तच लागू आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबर २००४मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एक फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी कशी लपते, हे एका चित्रात सांगणारा तो पुरावा. अशा माणसाला वरून काढण्यासारखं फारसं नसतं आणि आतलं काढता येत नाही.

शिवाय शरीर हिशेब सोडत नाही. कोलोरॅडोतल्या ३२ महिलांवरच्या चाचणीत, २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या, वर्षभराने एकूण चरबी पुन्हा भरून आलेली दिसली. मांड्या बारीकच राहिल्या, पण पोटावर चरबी परतली. ब्राझीलच्या एका अभ्यासात लायपोसक्शननंतर व्यायाम न करणाऱ्या महिलांमध्ये आतली चरबी १० टक्क्यांनी वाढली. व्यायाम करणाऱ्यांमध्ये ती वाढली नाही.

विचारायचे प्रश्न

शस्त्रक्रिया लहान छेदांची असली तरी लहान नाही. १९९०च्या दशकातल्या अमेरिकी पाहणीत साधारण पाच हजारांत एक मृत्यू नोंदला गेला. त्यात फुप्फुसात गेलेली रक्ताची गुठळी हे मोठं कारण होतं. एका वेळी पाच लिटरहून जास्त उपसा हा मोठा मानतात आणि त्यासाठी रात्रभर रुग्णालयात देखरेख हवी. नंतर धाप लागली किंवा पोटरी दुखून सुजली तर सकाळची वाट पाहायची नाही. घट्ट प्रेशर गारमेंट काही आठवडे घालावं लागतं आणि सूज पूर्ण उतरून खरा आकार दिसायला तीन ते सहा महिने जातात.

तेव्हा सल्ल्याला जाताना प्रश्नांचा क्रम असा ठेवावा. माझी चरबी त्वचेखाली आहे की आत? माझी त्वचा आकसेल का? या भागात किती लिटर काढणार आणि लिग्नोकेन माझ्या वजनाच्या हिशेबात किती होईल? भूलतज्ज्ञ कोण? तुम्ही प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी आहात का, आणि माझ्यासारखी किती शरीरं तुमच्या हाताखालून गेली? मशीनचा प्रश्न सगळ्यांत शेवटी, तोही असा : तुमच्या हाताला कुठलं सर्वांत सवयीचं आहे? पोटाला हातही न लावता जो आधी मशीनचं पत्रक पुढे करतो, त्याच्यापेक्षा चिमूट घेऊन “तुमची चरबी आतली आहे, हे पैसे वाचवा आणि चालायला लागा” असं सांगणारा सर्जन गाठावा. आणि तोच उद्या “हो, तुमचं काम होईल” म्हणाला, तर त्याच्या शब्दावर विसंबायला हरकत नाही.